ऑक्टोबरचे शेजारी

अ‍ॅक्रन शहराच्या दक्षिणेला, पूर्वी टायर कारखान्याचे कामगार राहायचे त्या भागात, हॅझेल कोर्ट नावाची विटांची दुमजली घरं आहेत. सगळी भाड्याची. मालक कंपनी कोलंबसमध्ये आहे आणि तिचं कुणी वर्षातून एकदा येऊन छपरं बघून जातं. बाकीचा सगळा कारभार मार्लीस ओपित्झ बघते.

मार्लीस इथे आली ती भाडेकरू म्हणून, घटस्फोटानंतर. ऑफिसात फोन घ्यायला माणूस हवं होतं म्हणून ती तिथे बसू लागली आणि आधीच्या मॅनेजरने कंटाळून नोकरी सोडली तेव्हा त्याच खुर्चीत सरकली. मॅनेजरला राहायला घर फुकट मिळतं, त्यामुळे तिचं ऑफिस आणि घर यांत एका अंगणाचंच अंतर. नळ गळला, वरच्या मजल्यावर नाच सुरू झाला, कुणाचा कुत्रा रडत बसला, की लोक तिचं दार ठोठावत. तिला ते आवडायचं, असं नाही. पण ते तिला जमायचं.

घर रिकामं झालं की रस्त्याच्या कडेला पाटी ठोकायची आणि पेपरात दोन ओळी द्यायच्या, एवढीच तेव्हा जाहिरात असे. मग सगळं फोनवर गेलं. घर शोधणारे आता आधी फोटो बघतात, मग लोकांनी किती तारे दिलेत ते बघतात, मग इथे राहणारे हसतात की नाही ते बघतात. कंपनीने मार्लीसला दोन दिवसांचं शिक्षण दिलं आणि हॅझेल कोर्टचं पान तिच्या हाती सोपवलं. त्यावर रोज काहीतरी टाकायचं. वर्षाचं रंगीत वेळापत्रक कोलंबसहून यायचं: फेब्रुवारीत कुत्री-मांजरं, मे महिन्यात कुंड्या, ऑगस्टमध्ये स्विमिंग पूल, सप्टेंबरमध्ये शाळेची दप्तरं, ऑक्टोबरमध्ये भोपळे आणि शेजारी. मार्लीस तीन-तीन महिन्यांचा मजकूर एकदम भरून ठेवायची. तारीख आली की तो आपोआप पानावर चढायचा. खालच्या प्रतिक्रियांना सुरुवातीला ती स्वतः उत्तरं द्यायची. यंदाच्या वसंतात ते काम कोलंबसच्या, आपोआप उत्तरं देणाऱ्या यंत्राकडे गेलं, कारण उत्तराला तासापेक्षा जास्त वेळ लागला की कंपनीचे गुण कापले जात.

ऑर्व्हिल स्टास्को वरच्या मजल्यावर, दक्षिणेकडच्या बाल्कनीच्या घरात राहायचे. टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे, उंच. बाल्कनीत टोमॅटोच्या कुंड्या. खालून जाणाऱ्याला वरून टोमॅटो फेकून द्यायचे आणि त्याने तो झेलला नाही तर त्यालाच बोल लावायचे. मार्लीसला ते 'साहेबीण' म्हणत. फोटोचं नाव काढलं की मात्र आत निघून जात. "मी काय सोफा आहे?" असं एकदा म्हणाले होते.

ऑगस्टमध्ये ते आपणहून ऑफिसात आले. दाढी केलेली, बाह्यांना इस्त्री.

"साहेबीण, तुझं ते फोनवरचं पान. ते किती लांबपर्यंत दिसतं?"

"सगळीकडे दिसतं, ऑर्व्हिल."

"एरीला?"

"एरीला दिसतं, अलास्कालाही दिसतं. का, एरीत कुणी मैत्रीण आहे?"

"तोंड सांभाळ. काढायचा तर काढ व्हिडिओ. नंतर मी विचार बदलेन."

मार्लीस लगेच फोन घेऊन वर गेली. ऑर्व्हिल कुंड्यांमध्ये उभे राहिले, कैदी उभा राहतो तसे. तिने विचारलं, इथे काय आवडतं? त्यांनी बराच विचार केला. "ऊन चांगलं येतं," ते म्हणाले. "बाकी ठीक आहे." मग एक टोमॅटो तोडून कॅमेऱ्यापुढे धरला आणि हात हलवला. कुणाला तरी रस्त्यापलीकडून ओळख द्यावी तसा.

"आज टाकणार?" त्यांनी विचारलं.

"ऑक्टोबरमध्ये. शेजाऱ्यांचा महिना आहे. तुम्हाला पहिला नंबर देते."

"आज नाही का टाकता येणार?"

"आज स्विमिंग पूलवाल्या बाईचा व्हिडिओ जायचाय. वेळापत्रक असतं ना आमचं."

"टोमॅटो तोवर उरणार नाहीत," ते म्हणाले, आणि कुंडीतलं एक पिवळं पान खुडत बसले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते जिन्यात कोसळले आणि रुग्णालयात पोचण्याआधीच गेले. भाडेकराराच्या कागदावर जवळच्या माणसाच्या रकान्यात त्यांनी हॅझेल कोर्टच्या ऑफिसचा नंबर लिहिला होता. ते जात त्या चर्चच्या फादरना एवढंच ठाऊक होतं की एक मुलगी आहे, लग्न होऊन कुठेशी गेली, आणि बाप-लेकीत बोलणं नाही. बायको गेल्यावर ऑर्व्हिलनी राहतं घर विकलं आणि मुलीला ते विकल्यानंतर कळवलं, असं काहीतरी. मुलीचं लग्नानंतरचं आडनाव कुणालाच माहीत नव्हतं. सरकारी कचेरीने शोध घेतला, तो कुठे पोचला नाही. शेवटी दहन झालं आणि अस्थी फादरनी चर्चमध्ये ठेवून घेतल्या.

मार्लीसने दारावरचं नाव काढलं. टपालपेटीवरचं काढलं, भाड्याच्या यादीतलं काढलं, किल्ल्यांच्या फळीवरचं काढलं. सामानाची एक पेटी भरून गोदामात ठेवली. ड्वाइटने, म्हणजे तिथल्या दुरुस्तीवाल्याने, भिंतींना पांढरा रंग दिला आणि टोमॅटोच्या कुंड्या आपल्या शेडमागे नेऊन ठेवल्या. ऑक्टोबरच्या वेळापत्रकातून त्यांना काढायचं मात्र तिच्या डोक्यातच आलं नाही. ते तिने ऑगस्टमध्येच भरून, बंद करून ठेवलं होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी ऑर्व्हिल पानावर आले. 'भेटा आमच्या शेजाऱ्याला!' त्यांनी हात हलवला. ऊन चांगलं येतं म्हणाले.

मार्लीसला त्याचा पत्ता नव्हता. गुरुवार-शुक्रवार ती तळघरात फुटलेल्या पाइपाच्या मागे होती. शनिवारी सकाळी ऑफिस उघडून तिने पान बघितलं. व्हिडिओ इतका बघितला गेला होता, जितकं हॅझेल कोर्टचं काहीच कधी बघितलं गेलं नव्हतं. पहिली प्रतिक्रिया रीनी डॅलपोर्ट नावाच्या बाईची होती.

'हे माझे बाबा आहेत. बाबा, तुम्ही बारीक झालात.'

खाली यंत्राचं उत्तर: 'रीनी, खूप खूप धन्यवाद! तुमच्या बाबांसारखे शेजारी म्हणजे आमची शान. एकदा नक्की येऊन भेटा, कॉफी आमच्याकडून!'

मग रीनीने खासगी निरोप धाडला होता. 'मी एरीहून शनिवारी येते. त्यांना सांगू नका, नाहीतर ते दार उघडणार नाहीत.'

'किती छान! शनिवारी आम्ही दहापासून आहोत. भेटू या!'

मार्लीसने लगेच लिहिलं: कृपया मला फोन करा. निरोप गेला, पण वाचला गेला नाही. गाडी चालवणारी बाई फोन कशाला बघेल? तिचा नंबर कुठेच नव्हता. मार्लीसने कोलंबसला कॅमरिनला फोन लावला. कॅमरिन जाहिरातीचं बघायची, तिच्याहून वीसेक वर्षांनी लहान.

"अरे देवा," कॅमरिन म्हणाली. मग जरा थांबून, "मार्लीस, तुम्ही तिला काही बोलू नका. आमचे वकील सोमवारी बोलतील."

"ती आज येतेय, कॅमरिन. तिला काय सांगू, बाबा बाहेर गेलेत?"

"माहिती देता येत नाही, एवढं सांगा."

"तुझे वडील आहेत?"

"हा काय प्रश्न झाला?"

"आहेत ना? मग ठेव फोन."

रीनी आधी ऑफिसातच येईल, असं मार्लीसने धरलं. कॉफी केली. खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, मग एक खुर्ची बाजूला घेतली. काय बोलायचं ते मनात दोनदा मांडून पाहिलं. दोन्ही वेळा ते कंपनीच्या पत्रासारखं वाटलं.

"तू आतच बस," ड्वाइट म्हणाला. "मी रस्त्याकडे बघतो. एरीची, म्हणजे पेन्सिल्व्हेनियाची नंबरपाटी असेल गाडीला."

पण त्या शनिवारी घर दाखवायचंही होतं, आणि दाखवायचं घर होतं वरच्या मजल्यावरचं, दक्षिणेकडचं. या धंद्यात घर दाखवण्याआधी ओव्हनमध्ये कुकीज भाजतात. तयार पिठाचे गोळे ताटलीत लावायचे, दार जरा किलकिलं ठेवायचं. आत पाऊल टाकणाऱ्याला कुणीतरी इथे राहतंय असं वाटलं पाहिजे. मार्लीसने ती ताटली सकाळी, पान उघडण्याआधी, सवयीने मंद आचेवर ओव्हनमध्ये सरकवली होती. साडेदहाच्या सुमारास तिला ती आठवली. "दोन मिनिटांत आले," असं ड्वाइटला ओरडून ती जिना चढली. ड्वाइट पुढच्या रस्त्यावर नजर ठेवून उभा होता.

रीनी मागच्या रस्त्याने आली. ऑफिस तिने शोधलंच नाही. तिला बाल्कनी ठाऊक होती, व्हिडिओत पाहिलेली. ती थेट वर गेली. दार किलकिलं होतं. आतून लोणी आणि साखरेचा वास येत होता आणि स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला.

"बाबा?"

मार्लीसच्या अंगावर एप्रन आणि हातात तापलेली ताटली होती. ती तशीच बाहेर आली.

दारात पन्नाशीकडे झुकलेली एक उंच बाई उभी होती. उभं राहण्याची तऱ्हा अगदी ऑर्व्हिलची. काखेत फडक्यात गुंडाळलेला अक्रोडाचा गोड रोल, घरी केलेला. तिने मार्लीसकडे पाहिलं, मग एप्रनकडे, आणि हसली.

"माफ करा हं. मला माहीत नव्हतं, त्यांनी... बरं झालं. कुणीतरी आहे त्यांना. मी रीनी. मुलगी."

"रीनी, मी इथली मॅनेजर आहे."

"हो का? मग बाबा कुठेत? बाल्कनीत?"

ती पुढे आली आणि मग तिला खोली दिसली. पांढऱ्या भिंती, उघडी जमीन, घर दाखवायचं म्हणून खिडकीला बांधलेला फुगा. मार्लीसने ताटली ओट्यावर ठेवली. मांडून ठेवलेल्यातलं एकही वाक्य तिला आठवलं नाही.

"ते गेले, रीनी. सप्टेंबरमध्ये. आम्ही तुम्हाला शोधलं, पण सापडला नाहीत."

"मी परवा पाहिलं त्यांना."

"तो जुना व्हिडिओ होता."

"तुम्ही मला यायला सांगितलंत. कॉफी आमच्याकडून म्हणालात."

"ते मी नाही लिहिलं. ते आपोआप जातं."

रीनीने फडक्यातला रोल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. घरात बसायला काही नव्हतं. ती खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. मार्लीसने तिला सगळं सांगितलं: जिना, रुग्णालय, चर्च, पेटी. वकिलांचं तिच्या ध्यानातही राहिलं नाही.

"व्हिडिओ कधी काढलात?" रीनीने शेवटी विचारलं.

"ऑगस्टमध्ये."

"त्यांनी काढू दिला? ते माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा उभे राहायला तयार नव्हते."

"स्वतःहून आले. मला विचारलं, एरीला दिसतं का."

अंगणात कुणाची तरी गाडी मागे घेताना वाजत होती.

"मग ऑगस्टमध्येच का नाही टाकलात?"

मार्लीसला खोटं बोलता आलं असतं. अडचण होती म्हणता आलं असतं.

"ऑगस्ट पूलचा असतो," ती म्हणाली.

रीनीने मान हलवली. समजल्यासारखी. नोकरी करणाऱ्या माणसाला असली कारणं समजतात.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि ड्वाइट धापा टाकत दारात आला. "मार्लीस, पेन्सिल्व्हेनियाची एक गाडी मागच्या रस्त्याला उभी आहे..." एवढं बोलून त्याने दोघींकडे पाहिलं आणि टोपी काढली. मग म्हणाला, "बाई, त्यांच्या कुंड्या मी ठेवल्यात. न्यायच्या असतील तर गाडीत घालून देतो. एकीला अजून दोन हिरवे टोमॅटो आहेत. फेकले नाहीत कुणावर, एवढंच."

ते ऐकून रीनी हसायला गेली आणि ते हसणं मध्येच मोडलं. ती भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. ड्वाइट खाली गेला. मार्लीस गेली नाही, जवळही आली नाही.

दुपारी रीनी चर्चमध्ये जाऊन अस्थी घेऊन आली. गोदामातली सामानाची पेटी घेतली, एक कुंडी घेतली. अक्रोडाचा रोल तिने ऑफिसात मार्लीसच्या टेबलावर ठेवला. "परत नेऊन काय करू?" एवढंच म्हणाली. व्हिडिओ काढून टाकू का, असं मार्लीसने विचारलं. "राहू द्या," रीनी म्हणाली. "हात हलवलाय त्यांनी."

ते घर सोमवारीच भाड्याने गेलं. नव्या जोडप्याने तो व्हिडिओ पाहूनच फोन केला होता. कॅमरिन शनिवारबद्दल काही बोलली नाही. तिने आकडे पाठवले आणि विचारलं की नोव्हेंबरमध्येही एखादे आजोबा मिळतील का. मार्लीसने तिला लिहिलं, नाहीत.

घर बघून गेलेल्या प्रत्येकाला चौथ्या दिवशी यंत्र निरोप धाडतं: 'कशी झाली तुमची भेट? आम्हाला किती तारे द्याल?' शनिवारची वेळ यंत्रानेच दिलेली, म्हणून तो रीनीलाही गेला. मार्लीसला तो अडवता आला असता, पण तो जातो हेच तिच्या लक्षात नव्हतं. बुधवारी पानावर नवं मत दिसलं. रीनी डॅलपोर्ट, चार तारे. खाली एकच ओळ: 'ऊन चांगलं येतं.'

तासाच्या आत त्याखाली उत्तरही आलं होतं. मार्लीसने ते उघडलं नाही. ती किल्ल्या घेऊन उठली आणि तळघरातला पाइप बघायला गेली.