पिंपात झोपणारी कुत्री

लग्न होऊन मी पारगावजवळच्या मळ्यात आले तेव्हा घराच्या तीन बाजूंना ऊस होता आणि अंगणात दोन कुत्री. एक मोठा, तांबडा, रात्रंदिवस साखळीला बांधलेला. दुसरी मांजरापेक्षा थोडी मोठी, आखूड पायांची, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. ऊसतोडणीवाल्यांच्या मागे आलेली. हंगाम संपल्यावर त्यांच्या गाड्या निघाल्या आणि ही मागे राहिली.

माझं माहेर शिनोलीकडचं. तिथे वाघ डोंगरात असायचा. बिबट्यालाही आम्ही वाघच म्हणायचो. गुरं वर चरायला नेली तरच त्याची भीती. इथे सपाट बागायतीत, मोटारीच्या आवाजात, तो कशाला येईल असं मला वाटायचं.

पहिल्याच हिवाळ्यात तो आला आणि तांबड्याला घेऊन गेला. सकाळी खुंट्याला साखळी तेवढी होती. बारकी कुत्री कडब्याच्या गंजीवर, अगदी वरच्या पेंढीत अंग चोरून बसलेली सापडली. एवढ्या आखूड पायांनी ती वर चढली कशी, हे मला कधीच कळलं नाही.

सासऱ्यांशी तोवर माझं बोलणं "जेवायला वाढलंय" एवढंच. त्या दिवशी मात्र न राहवून विचारलं, "आबा, गोठ्यात शेळ्या होत्या. त्या सोडून कुत्रंच का नेलं त्यानं?"

त्यांनी जरा चमकून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "शेळ्या दाराआड व्हत्या. कुत्रं बाहेर. आन् वर ते भुंकून सांगतंय, मी हितं हाय, मी हितं हाय. साखळीला बांधलेलं, पळायाची सोय न्हाई."

"मग हिला आता आत घ्या," सासूबाई म्हणाल्या.

"घरात कुत्रं नाय यायचं," आबा म्हणाले. "बाहेरच काय ती सोय करू."

ती सोय करणं हे पुढे आम्हा दोघांचं काम होऊन बसलं. शेजारच्या रानात धनगरांनी मेंढ्या बसवल्या होत्या. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळे बाहेर आलेले लोखंडी पट्टे असायचे. वाघ नरडं धरायला गेला की तोंडात खिळे जातात. आबांनी एक पट्टा मागून आणला आणि कुत्रीच्या गळ्यात घातला. तिचं डोकं खाली गेलं ते वर येईना. हनुवटी जमिनीला टेकवून ती आमच्याकडे डोळे फिरवून पाहत राहिली. पट्टा परत करायला मी गेले तेव्हा धनगरीण हसली. "पट्टा मोठ्या कुत्र्याला, बाय. बारक्याची मान कशाला धरंल त्यो? पाठीत धरून उचलंल, मांजर उंदीर उचलती तसं."

मग तिच्यावर कोंबड्यांचं डालगं पालथं घालून वर दगड ठेवून पाहिला. ती रात्रभर ओरडली आणि सकाळी डालग्याखाली उकरलेला खड्डा होता.

आबा एकदा ट्रॅक्टरच्या कामाला आळेफाट्याला गेले आणि गॅरेजमधून तेलाची दोन रिकामी पिंपं घेऊन आले. पत्र्याच्या पेट्या करणारे एक चाचा जुन्नरला होते, त्यांची आणि आबांची जुनी ओळख. पिंपाला दार बसवून घ्यायचं ठरलं. पिंपं ओळखीच्या टेम्पोतून पुढे गेली. कुत्रीच्या मापाचं घर हवं म्हणून कुत्रीला न्यायचं ठरलं आणि ती आबांना धरवत नव्हती, म्हणून मलाही.

निघायच्या आदल्या सकाळी पाटाच्या ओल्या चिखलात ताजा पंजा उमटलेला दिसला. आबांनी दाखवला. गोल, नखांची खूण नसलेला. मी घरातून वाटी आणून त्यावर पालथी घातली. बरोब्बर झाकला गेला. का कोण जाणे, ती वाटी मी पिशवीत टाकली.

नारायणगावला एसटी बदलून जाईपर्यंत कुत्री माझ्या मांडीवर पिशवीत होती. कंडक्टरनं पिशवीतून आलेलं नाक पाहिलं आणि आबांना म्हणाला, "पावणं, हे काय?"

"पेशंट हाय," आबा म्हणाले. त्यांना अशी थट्टा येते हे मला त्या दिवशी समजलं.

चाचांनी पिंपं पाहिली, कुत्री पाहिली. म्हणाले, "एकच पिंप रग्गड झालं हिला. दाराला गज लावतो. हवा जाईल, वाघ जाणार नाही."

"गजांत किती अंतर?" मी विचारलं आणि वाटी काढून पुढे ठेवली. "पंजा एवढा आहे."

चाचांनी वाटी हातात घेऊन फिरवली. मग म्हणाले, "हा टेकलेला पंजा झाला, बेटी. आत घालताना तो एवढा ठेवेल का?" आणि ते उठले. दुकानात त्यांचा एक बोका होता. खिडकीचा जुना गजांचा सांगाडा त्यांनी त्याच्यासमोर उभा केला आणि पलीकडे सुक्या बोंबलाचा तुकडा टाकला. आम्ही तिघं खाली बसून पाहू लागलो. बोक्यानं आधी नाक लावलं. मग पंजा आवळून, काठीसारखा बारीक करून गजांतून घातला, खांद्यापर्यंत. पलीकडे गेल्यावर पंजा पसरला, नखं बाहेर आली आणि बोंबील खसकन अलीकडे.

"आयला!" आबा म्हणाले.

चाचांनी तुकडा मागे सरकवला. बोका खांद्यापर्यंत शिरला, जमीन खरवडली, पण पोचला नाही. तेव्हा गजांपेक्षा लांबी महत्त्वाची, हे आम्हा तिघांच्या एकदमच लक्षात आलं असावं. आबांनी स्वतःचा हात पुढे करून पाहिला. "वाघाचा हात माज्यापेक्षा लांब न्हाई." मग दोन्ही पिंपं एकमेकांना जोडायची ठरली. दार एका टोकाला, गोणपाट दुसऱ्या टोकाला. कुत्री तिकडे झोपली की हात पोचणार नाही.

घर तयार होऊन आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ही काय तोफ आणली?" कुत्री मात्र पहिल्या संध्याकाळीच आत गेली, टोकाला जाऊन गोल झाली. मी कडी लावली. पुढे दिवेलागण झाली की ती आपली आपण दारापाशी जाऊन उभी राहायची. कितीतरी महिने सगळं नीट चाललं.

मग एका सकाळी अंगणात पिंपच नव्हतं.

ते आम्हाला उसाच्या कडेच्या चरात सापडलं, उताराने गडगडत गेलेलं. आमच्या एवढ्या विचारात, पिंप गोल असतं आणि गोल वस्तू लोटली की जाते, हे कोणाला सुचलं नव्हतं. पत्र्यावर नखांचे ओरखडे होते, गजांना लाळ वाळलेली होती, पण कडी शाबूत. आतून आवाज नाही. मला वाकून बघायचा धीर होईना.

आबा चिखलात पालथे झोपले. दार उघडून हात आत घातला आणि बोलत राहिले. "ये गं बाय. ये. गेला त्यो. लांब गेला. मी हाय न्हवं हितं? ये माझी सोन्याची." त्यांना इतका वेळ सलग बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. बऱ्याच वेळानं ती सरपटत आली. अंगावर ओरखडाही नव्हता. आबांनी तिला सदऱ्यात घेतलं आणि सरळ उंबरा ओलांडून चुलीपाशी नेऊन ठेवलं. सासूबाईंनी तिच्यासाठी दूध कोमट करायला ठेवलं.

आबांनी पिंप पुन्हा आणून दोन्ही बाजूंना लोखंडी पहारी ठोकल्या. कुत्री काही त्यात परत गेली नाही. "आजचा दिस राहू दे आत," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. मग म्हणायचंही सोडलं.

बिबट्या मी प्रत्यक्ष पाहिला तो त्यानंतर काही वर्षांनी, एका कातरवेळी. म्हैस अचानक फुसकारली म्हणून मी खिडकीशी गेले. कुत्री आता म्हातारी होती, ती माझ्या कडेवर होती. तो हौदावर वाकून पाणी पीत होता. मनात मी त्याला केवढा मोठा करून ठेवला होता, आणि हा तर वासराएवढाही नव्हता. पोट आत गेलेलं, एका कानाची कड फाटलेली.

आबा मागे येऊन उभे राहिले. "मादी हाय," ते कानाशी म्हणाले. "हितंच उसात जल्मली आसंल. डोंगर बघितलाय का न्हाई, द्येव जाणे."

कुत्री भुंकली नाही. तिचं काळीज माझ्या हाताखाली धडधडत होतं, पण मान लांब करून तीही बघतच होती. मादीनं पाणी पिऊन डोकं वर केलं, आमच्या दिशेनं पाहिलं आणि सावकाश चालत उसात शिरली. पाचट थोडा वेळ वाजत राहिलं. आम्ही तिघंही, आवाज थांबला तरी, तिथेच उभे होतो.