जावयाच्या मुळांची सहल

चाळिशी उलटल्यावर आमच्या जावयाला एकदम आपली मुळं आठवली. तो जन्मला, वाढला ऑस्ट्रेलियात. लग्नाच्या आधीपासून सिंगापूरमध्ये बँकेत आहे. पण त्याचे आजोबा आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातून बाहेर पडलेले. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे याची आत्याआजी, नव्वदीला टेकली असून अजून त्याच शेतावर राहते असं कळलं, आणि यानं जाहीर केलं की सगळ्यांनी जायचं. सगळ्यांनी म्हणजे तो, माझी लेक, आठ वर्षांची नात आणि आम्ही दोघं.

"आपण कशाला?" हे म्हणाले. यांची सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली. आता सिंगापूरमधल्याच बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमधून खालच्या हॉकर सेंटरपर्यंत, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांपर्यंत चालणं, कॉफी पिणं आणि परत येणं एवढाच प्रवास त्यांना पुरतो.

पण लेक म्हणाली, "आई, तुम्ही आलात तर हिला सांभाळायला बरं पडेल." त्यात मला काही खटकलं नाही. नातीला मी सांभाळतेच. शाळा सुटायच्या वेळी एलआरटीची छोटी गाडी, मग एमआरटी मेट्रो करून सेरंगूनला त्यांच्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर पोचायचं, तिला खायला घालायचं, गृहपाठ घ्यायचा, ही माझी कामं आहेत आणि मी ती हौसेनं करते.

खटकत होतं ते वेगळंच. यांचं गाव वाईजवळ. घर आहे, दीर-जाऊ आहेत, विहीर आहे. नातीला एकदा घेऊन जाऊ या असं मी दर सुट्टीत म्हणत आले. दर वेळी उत्तर तयार. डास आहेत, पाणी बाधेल, बाथरूम कसं असेल, उन्हाळा फार आहे. आणि आयर्लंडला? तिथे मेंढ्यांच्या लेंड्यांतून गुडघाभर ओल्या गवतात आम्ही चाललो, छप्पर नसलेल्या एका दगडी झोपडीत उभे राहिलो, आणि जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं. "इथे माझे पणजोबा जन्मले," तो म्हणाला. लेकीनं त्याचा हात धरला. पावसाची भुरभुर चालूच होती. नात शिंकत होती, पण त्याची कुणाला फिकीर नव्हती. मुळं बघायला आलं की शिंका चालतात, फक्त ती मुळं वाईची नसावीत.

तेही मी गिळलं. त्याचं गाव, त्याचा आनंद.

तिसऱ्या प्रहरी आम्ही आत्याआजीकडे गेलो. लहानसं पांढरं घर, मागे गोठा. म्हातारी दारातच काठी टेकून उभी होती. ताठ, बारीक, निळ्या डोळ्यांची. तिनं नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "हे कपाळ आमचं." मग लेकीला जवळ घेतलं. यांच्याशी हात मिळवला. मी मागे होते, नातीचं जॅकेट, पाण्याची बाटली आणि चिखलानं भरलेले बूट घेऊन. माझ्याकडे बघून तिनं जावयाला विचारलं, "आणि ही मुलीला सांभाळणारी बाई का?"

जावई हसला. म्हणाला, "हो, तीच सांभाळते सगळं."

एवढंच. पुढे काही नाही. मी वाट पाहिली की आता म्हणेल, ही माझी सासू. तो फोन काढून भिंतीवरच्या जुन्या फोटोंचे फोटो घ्यायला लागला. मी लेकीकडे पाहिलं. ती मुलीच्या केसातला चिखल काढत राहिली. हे तोवर गोठ्याकडे गेले होते, तिथला पंप बंद होता म्हणून.

म्हातारीनं माझ्या कोपराला धरलं आणि मला आत स्वयंपाकघरात नेलं. लेक, जावई, नात बैठकीत. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई मी, आणि मला स्वयंपाकघरात बसवलं. तिनं मला चुलीजवळची खुर्ची दिली. आपल्यासारखाच दूध घातलेला कडक चहा ओतला, पावाला जाड लोणी लावलं आणि समोर बसून हळू आवाजात विचारायला लागली. "नीट वागवतात ना तुला? झोपायला वेगळी खोली आहे? रविवारी सुट्टी देतात?"

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "मी त्या मुलीच्या आईची आई आहे."

तिचा हात तोंडाकडे गेला. मला वाटलं आता दिलगिरीची बडबड सुरू होईल. पण ती माझ्यापेक्षा जास्त चिडली. "मग त्यानं तसं सांगितलं का नाही?" तिनं टेबलावर हात आपटला. "मी त्याला तोंडावर विचारलं होतं!"

मग तिनंच सांगितलं. सतरा वर्षांची असताना तिला लंडनला एका डॉक्टरच्या घरी कामाला धाडलं होतं. मुलं सांभाळायची, चांदी घासायची, जेवायचं स्वयंपाकघरात उभ्यानं. तिचं आयरिश नाव मालकिणीला उच्चारता येईना, म्हणून तिला दुसरं नाव दिलं, आणि त्या घरात ती तेच नाव घेऊन वावरली. धाकट्या मुलाला तापात रात्ररात्र मांडीवर घेतलं ते हिनं, पण त्याच्या वाढदिवसाच्या फोटोत हिला उभं राहू दिलं नाही. परत आली तेव्हा गावात सगळे म्हणायचे, ही लंडनला होती. कुणी पुढे विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. "म्हणून तुला इथे आणलं," ती म्हणाली. "बैठकीत तुला कुणी बसायला सांगितलं नसतं. मला माहीत आहे ते."

माझा तिच्यावरचा राग तिथेच गेला. जावयावरचा दुप्पट झाला.

गाडीत मी लेकीला मराठीत म्हटलं, "त्यानं खरं का सांगितलं नाही?"

"आई, तो गंमत करत होता. इथे सीन नको करूस, प्लीज. त्याच्यासाठी फार मोठा दिवस आहे हा."

मी सीन केला नाही. पुढचे सगळे दिवस कबरी बघितल्या. शेवाळलेले दगड हातानं पुसून जावई नावं वाचायचा आणि मी नातीला थंडी वाजू नये म्हणून मफलर गुंडाळत राहायचे.

परत आल्यावर त्यांनी सेरंगूनला जेवण ठेवलं. ऑफिसमधली तीन जोडपी आली होती. टीव्हीवर आयर्लंडचे फोटो. झोपडी, मेंढ्या, कबरी, आणि मग दारात उभी असलेली आत्याआजी. "हिची गंमत ऐका," जावई म्हणाला, आणि त्यानं सांगितली. म्हातारीचा आवाज काढून सांगितली. "आणि तिला वाटलं, माझी सासू म्हणजे आमची हेल्पर!"

सगळे हसले. एक बाई तर डोळे पुसत होती. आणि त्यांची हेल्पर, म्हणजे घरकामाला राहणारी मुलगी, म्यानमारची, तिशीची, दोन मुलं आईकडे ठेवून आलेली, माझ्या डाव्या हाताला उभी राहून उष्ट्या ताटल्या गोळा करत होती.

मी म्हटलं, "यात हसण्यासारखं काय आहे ते मला नीट समजावून सांग."

"आई, इट वॉज जस्ट..." तो मला आईच म्हणतो, बरं का. "तिला वाटलं की तुम्ही..."

"हो, काय वाटलं? वाक्य पुरं कर."

त्याची नजर ताटल्या गोळा करणाऱ्या त्या मुलीकडे गेली. आता मात्र तो शब्द त्याच्या तोंडातून निघेना. घटकेपूर्वी ठसक्यात उच्चारलेला शब्द, ती समोर दिसल्यावर अडला. याचा अर्थ तोवर ती त्याला दिसतच नव्हती!

"हे काम वाईट असेल तर तू तुझ्या घरात कुणाकडून करून घेऊ नकोस," मी म्हटलं. "आणि वाईट नसेल तर हसतोस कशाला?"

"आई, पुरे," लेक म्हणाली.

पुरे कसलं! मग मी आत्याआजीचं सगळं सांगितलं. डॉक्टरचं घर, चांदी, बदललेलं नाव. "तू हजारो मैल जाऊन मेलेल्यांचे दगड पुसलेस. जिवंत बाई समोर बसली होती, तिला एक प्रश्न विचारला नाहीस. लंडनमध्ये ती काय करत होती हे तुला माहीत तरी होतं का?"

त्याला माहीत नव्हतं. चेहरा लालबुंद झाला. मग नात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, सो शी वॉज अ हेल्पर? दॅट्स ओके, व्हॉट. व्हाय एव्हरीबडी सो क्वायट?"

पाहुणे डेझर्टसाठी काही थांबले नाहीत. मी पर्स उचलली. हे माझ्यामागून निघाले. लिफ्टमध्ये म्हणाले, "जरा जास्त झालं." मी म्हटलं, "कमी झालं."

पंधरवडाभर मला कुणी बोलावलं नाही. नातीला शाळेतून कोण आणतं हेही मला कळू दिलं नाही. मग एका शनिवारी जावई एकटाच आमच्या दारात. सोफ्याच्या कडेवर बसला. म्हणाला, आत्याआजीला फोन केला होता. आधी तिनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं, आणि मग ती बोलत राहिली, आजवर त्याच्या घरात कुणाशी बोलली नव्हती इतकं. त्यानं माफी मागितली. मी म्हटलं, "चार लोकांत हसलास, चार लोकांत दुरुस्त कर. आणि घरात काम करणाऱ्या त्या मुलीशी आधी बोल." तो बोलला म्हणे. त्या पाहुण्यांना पुन्हा जेवायला बोलावून त्यांनाही सांगितलं. अडखळत, अर्धंमुर्धं, पण सांगितलं. मला तेवढ्यानं समाधान झालं नाही, पण मी पुढे ताणलं नाही.

लेकीशी मात्र माझं जमेना. नवरा परका माणूस, तो चुकला. ही माझी मुलगी, ही गप्प का बसली? एकदा ती नातीला सोडायला आली तेव्हा स्वयंपाकघरात भांडी घासता घासता मी तिला विचारलंच.

ती भांड्यांच्या रॅककडे वळली. मग म्हणाली, "आई, ही बापासारखी गोरी झाली. ही तान्ही होती तेव्हा मी प्रॅम घेऊन खाली जायचे ना, तर कॉन्डोचा गार्ड मला विचारायचा, मॅडम घरी आहेत का? पादचारी पुलावर एका बाईनं विचारलं, तुला महिन्याला किती देतात, माझ्याकडे येशील का? प्लेग्रुपमध्ये तर दुसऱ्या हेल्पर मला त्यांच्या बाकावर जागा करून द्यायच्या. पहिल्यांदा मी सगळ्यांना सांगत सुटले, मी आई आहे, मी आई आहे. मग दमले. आता कुणी काही म्हटलं की मी हिच्याशी काहीतरी करत बसते. ऐकलंच नाही असं."

"त्याला माहीत आहे?"

"त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, लोक मूर्ख असतात, मनावर घेऊ नकोस."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू भांडायला गेली असतीस."

"गेले असते," मी म्हटलं. "गार्डशी, त्या बाईशी, सगळ्यांशी. आणि तुला बरोबर घेऊन गेले असते."

ती हसली नाही. मीही नाही. तिनं माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि पुसायला लागली, आणि मी तिला तो गार्ड अजून त्या गेटवर असतो का ते विचारलं.