मामांच्या शेगड्याचं तेलपाणी

आमच्या मामेसासऱ्यांइतका लोखंडावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या तासगाव तालुक्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर पहिल्या भेटीत दोघांची जुंपेल. फौजेतून निवृत्त झाल्यावर लोक द्राक्षबाग लावतात. मामांनी सुतारकामाचं टेबल मांडलं आणि त्याला लाकूड आवळून धरणारा भलाथोरला शेगडा बसवला. दर रविवारी स्वतःच्या आंघोळीआधी त्याची आंघोळ. जबडा पुरता उघडायचा, स्क्रूच्या आट्यांतला भुसा ब्रशनं झाडायचा, रॉकेलच्या चिंधीनं पुसायचं आणि मग मशिनच्या तेलाचे मोजके थेंब. मामींना हात लावायचीसुद्धा बंदी. एकदा सख्ख्या भावानं हौसेनं ट्रॅक्टरचं ग्रीस फासलं. "अरं, भुसा चिकटून लगदा हुतोय त्याचा, एवढीबी अक्कल न्हाई व्हय रं?" म्हणून मामांनी जो अबोला धरला, तो लग्नाच्या पंगतीत शेजारी बसूनही मीठ तिसऱ्याकडून मागण्यापर्यंत गेला.

असे हे मामा बायपास झाल्यावर महिनाभर सांगलीत दवाखान्यात पडून होते. मामी गुरांमुळं गावीच. घरी आणताना गाडी मी चालवत होतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, चिडायचं नाही, जोर लावायचा नाही. आता मामांना चिडू नका म्हणायचं म्हणजे कमालच झाली! गाडीतून उतरले ते थेट शेडकडे. मी "मामा, आधी चहा" म्हणेपर्यंत त्यांनी शेगड्याची मूठ धरलीसुद्धा.

मूठ हलेना. आट्यांवर पिवळा चिकट थर बसलेला. मामांनी बोट लावून वास घेतला. शेंगतेल! भाजीला घालायचं शेंगतेल, त्यात भुसा, वर उन्हाळा. सगळं लाखेसारखं घट्ट.

"कुणी केलं ह्ये?"

मामांच्या कपाळाची शीर उडत होती. एक हात छातीच्या टाक्यांवर, दुसरा मुठीवर, आणि खांदा जोर लावायला पुढं आलेला. "मामा, सोडा, तुम्हाला माझी शपथ!" मी हात धरला, त्यांनी झटकला.

"आवं, मी घातलं," दारातून मामी म्हणाल्या. चेहरा पांढराफटक. "तुमास्नी आपरेशनला आत न्हेलं, फोनवर कुणी काय सांगंना. मला वाटलं, तुमचा ऐतवारचा नेम मोडला तर... तुमचं तेल कुठं असतंय मला काय ठावं? सैपाकाचंच घातलं. दर ऐतवारी. वाईच ज्यादाच घातलं."

मामांचा खांदा हळूहळू सैल पडला. मूठ सोडून ते स्टुलावर बसले. टेबलावरची चिंधी मामींच्या हातात देत म्हणाले, "रॉकेल आन. मी सांगतो तसं पूस."

शेगडा सुटला. आता रविवारचं तेल मामीच घालतात. अजून हात सैलच. ओघळ थेट टेबलावर येतो. मामा बघतात, चिंधी घेतात आणि एक अक्षर न बोलता पुसून टाकतात. मला त्यांच्या ओरडण्याची इतकी सवय, की ते गप्प बसलेले बघून गलबलून येतं.