बांधापलीकडची कारली

लग्न होऊन नेवासा तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा आमच्या घरात आणि यांच्या चुलतभावाच्या घरात बोलणं नव्हतं. बांधावरून काहीतरी बिनसलेलं. दोन्हीकडे कारल्याचे मांडव, मधे तेवढा बांध. पण त्या घरच्या थोरल्या जाऊबाई समोर आल्या की मी मान खाली घालायचे.

त्या हंगामात फळमाशी आली. कारलं वरून हिरवंगार, मोडलं की आत अळ्या वळवळायच्या. यांनी फवारे मारले, पण आतल्या अळीला औषध पोचेना. मग कृषी सहायक येऊन मांडवात फिरले. म्हणाले, "किडकी फळं रोज वेचा, खोल पुरा. अळी मातीत जाऊनच तिची माशी होते. गंधाचे सापळे टांगा. पण शेजाऱ्यांनीही करायला पाहिजे. माशी बांध मानत नाही."

"त्यांच्या दारात आमी न्हाई जायचो," सासूबाईंनी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळं वेचत होते. जाऊबाई आपली किडकी कारली बांधावर ओतत होत्या. मला राहवलं नाही.

"जाऊबाई, तिथं नका टाकू."

"का? बांध तुमचा हाय व्हय?"

"तसं न्हाई. त्यातून परत माशी व्हती. आमी खड्डा घेतलाय, त्यात टाका."

त्यांनी ओतायचं थांबवलं. मग घमेलं उचलून बांध ओलांडून आल्या.

पुढं रोज आम्ही दोघी मिळून वेचायचो. त्यांच्याकडेही सापळे लागले. पहिल्यांदा आत डोकावून त्या म्हणाल्या, "लई मेल्यात की!"

"सगळे नर हायेत. त्या वासाला नरच येतात."

"आन बायका?"

"त्यांच्यासाठी गुळाच्या पाण्यात औषध कालवायचं."

त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की पलीकडून त्यांचे मालक बघायला आले. आम्हाला एकत्र पाहिलं आणि परत गेले.

कीड पुरती गेली नाही, पण चांगली कारली निघू लागली. दोन्ही घरचे क्रेट एकाच टेम्पोत चढायला लागले आणि टेम्पो कधी येणार, एवढ्यापुरतं का होईना, भाऊ भावाशी बोलू लागला.

आता त्यांच्या रानात ऊस आहे. जाऊबाई लेकाकडे शिर्डीला असतात. आमचा मांडव अजून आहे, सापळेही आहेत. सकाळी फळं वेचताना मात्र मी एकटीच असते, आणि काम लवकर उरकतं. तेव्हा उन्हं वर आली तरी आमचं वेचणं संपायचं नाही.