आतोबांचा एव्हरेस्ट

आमच्या आतोबांइतका एव्हरेस्ट जाणणारा माणूस अख्ख्या माळव्यात नाही, आणि त्यांच्याइतका उंचीला घाबरणारा तर पृथ्वीतलावर नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बँकेतून निवृत्त झाले आणि उज्जैनच्या नानाखेड्यात घर घेतलं, तेही हट्टाने तळमजल्यावरचं. बल्ब बदलायचा तर स्टुलावर आत्या चढते. आतोबा खाली स्टूल धरून, डोळे घट्ट मिटून, गिर्यारोहकांना वर श्वास का पुरत नाही ते सांगतात. संक्रांतीला सगळं उज्जैन छतावर पतंग उडवतं, तेव्हाही हे अंगणातून वरच्या मंडळींना दम कसा राखावा याच्या सूचना देत असतात.

त्यांच्या माहितीला वेळकाळ नाही. मला पाहायला आलेल्या मुलाने आपली उंची नेमकी सहा फूट सांगितली. आतोबांचे कान टवकारले. "नेमक्या आकड्यावर कोणी भरोसा करत नाही भिया! एव्हरेस्टही नेमका एकोणतीस हजार फूट भरला होता. लोकांना अंदाज वाटेल म्हणून इंग्रजांनी वर दोन फूट लावून दिले." एवढं बोलून त्यांनी त्या बिचाऱ्याला भिंतीशी उभा करून मोजला. ते स्थळ परत आलं नाही. जेवताना ते सांगत, की एव्हरेस्टवर पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजत नाही. "इथे शिजलीय ना? मग खाऊन घ्या चुपचाप," आत्या म्हणे.

एका गणपतीत त्यांनी भैरवगढच्या छापील चादरी उलट्या पसरून एव्हरेस्टची आरास केली आणि शिखरावर शिंपले चिकटवले. कारण ते शिखर एकेकाळी समुद्राचा तळ होतं, तिथल्या दगडात अजून समुद्री जीवांचे अवशेष सापडतात. दर्शनाला आलेली प्रत्येक बाई म्हणाली, "वा, कोकण किती सुंदर केलंय!" आतोबा विसर्जनापर्यंत रुसून होते.

मग आत्याला काचबिंदू निघाला. बाजूचं दिसेनासं झालं होतं, समोरचं तेवढं उरलं होतं. "बघायचं ते बघून घ्या," डॉक्टर म्हणाले. काय बघायचंय असं मी विचारलं. मला वाटलं, आत्या काशी म्हणेल, नाहीतर पुण्याची बहीण. ती म्हणाली, "तो यांचा डोंगर. जन्मभर ऐकून राहिले, एकदा पाहू तर दे." आतोबांचा चेहरा पांढरा पडला. डोंगर बघायचा म्हणजे काठमांडूहून छोट्या विमानात बसायचं.  तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तिकिटं काढून टाक. माझंही."

विमानात त्यांनी पट्टा आवळला, डोळे मिटले आणि आत्याचा हात असा धरला की तिच्या बांगड्या रुतल्या. मी मागच्याच खिडकीशी होते. बर्फाची रांग सुरू झाली, हवाईसुंदरीने बोट दाखवलं.

"दिसला का गं?" आतोबांनी विचारलं.

"दिसला."

"कसा आहे?"

एव्हरेस्टबद्दल त्यांनी कोणाला काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"तुम्ही सांगता तेवढा मोठा नाही वाटत. बाजूचाच उंच दिसतोय. आणि अहो, वाफ निघतेय त्याच्यातून, भात उतरवल्यासारखी."

ती वाफ नव्हती, वाऱ्याने उडणारा बर्फ होता. आतोबांना ते ठाऊक नसेल हे शक्यच नाही. त्यांनी सांगायला तोंड उघडलंसुद्धा. मग मिटलं, आणि म्हणाले, "अजून सांग."

आता आत्याला ताटातलंही दिसत नाही. घरी कोणी एव्हरेस्टचा विषय काढला की आतोबा म्हणतात, "मला काय विचारता? हिने बघितलाय." मग आत्या सांगते. कधी शिखर गुलाबी असतं, कधी त्यावरून पक्षी जात असतात, आणि वाफ तर असतेच.  आतोबा तिच्या शेजारी बसून सगळं ऐकतात आणि एकदाही तिची चूक काढत नाहीत.