डबीभर माती

आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यांनी मरणाचा वार ठरवून घेतला होता. हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपला आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे त्यांचा खोकला आम्हाला वर्षभर ऐकू येत होता. फुप्फुसात काही उरलं नव्हतं. हाउसआर्ट्स, म्हणजे इथले घरचे डॉक्टर, येऊन इंजेक्शन देणार होते. इच्छामरण, सगळं कायद्यात बसणारं. कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा ते सांगावं तसं त्यांनी मला हे कुंपणावरून सांगितलं. मी घरात आले आणि नवऱ्यावर उगाचच खेकसले.

त्यांना आम्ही बूरमान म्हणायचो. बूरमान म्हणजे शेजारी, इथे तशीच हाक मारतात. आम्ही माझ्या वडिलांना आणायला पुण्याला निघालो होतो आणि येताना त्यांना थायलंड दाखवायचं ठरलं होतं. आई गेल्यापासून बाबा कुठे गेलेच नव्हते. हे ऐकल्यावर बूरमाननी मला घरात बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि आजवर कधी न काढलेला विषय काढला.

त्यांचा जन्म जावातला, तेव्हा तिथे डचांचं राज्य होतं. ते तान्हे असताना युद्ध आलं, आणि जपान्यांनी त्यांच्या वडिलांना कैद करून थायलंडच्या जंगलात रेल्वे बांधायला नेलं. वडील तिथेच कॉलऱ्यानं गेले. कांचनाबुरी नावाच्या प्रांतात त्यांचं थडगं आहे. "आई होती तोवर तिनं जाऊ दिलं नाही. नंतर मीच टाळत राहिलो. आता मला विमानात कोण घेतंय?" त्यांना त्या थडग्याजवळची मूठभर माती हवी होती, आपल्या शवपेटीत ठेवायला. "तुम्ही मंगळवारी परत येता ना? मग डॉक्टरांना मी वार बदलून गुरुवार देतो," म्हणाले. मी हो म्हणून बसले.

कांचनाबुरी बघायला माणसं लोटतात. नदीवरच्या त्या लोखंडी पुलावर मेंढरांसारखी गर्दी. हौशी प्रवाशांची गाडी भोंगा वाजवत आली की सगळे कठड्याला चिकटतात, हात हलवतात, फोटो काढतात. खाली तरंगत्या हॉटेलांतून गाणी. पुलाचं चित्र असलेले टी-शर्ट, पुलाचं चित्र असलेले मग. नवऱ्यानं मलाही उभं केलं, "जरा हस ना, फोटो आहे." मी काही हसले नाही. ज्या रुळांच्या बांधकामात माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, तिथे हसायचं कशासाठी? नवरा म्हणाला, "तुझं हे नेहमीचंच. ट्रिपला येऊन मूड ऑफ." त्याचंही खरं होतं.

संग्रहालयात वाचलं, की मलायातल्या रबराच्या मळ्यांतून गाड्या भरभरून तमिळ मजूरही इथे आणले होते. गोऱ्या कैद्यांपेक्षा तेच कितीतरी जास्त मेले. त्यांची थडगी कुठे आहेत, असं मी तिथल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "रुळांच्या कडेनं, सगळीकडे." मला संताप आला, पण कुणावर चिडायचं ते कळेना. बाबा तिथे मांडलेल्या, रुळांखालच्या लाकडी स्लीपरकडे बघत होते. मग म्हणाले, "या सगळ्यांचं कुणी काही केलं असेल का गं?"

युद्धकैद्यांची दफनभूमी गावातच आहे, डच कैदीही तिथेच आहेत. कापलेली हिरवळ, सारख्या अंतरावर बसक्या पाट्या, एकेका पाटीशी फुलझाड. बूरमाननी रांगेचा नंबर माझ्याकडून तोंडपाठ करून घेतला होता, त्यामुळे फार शोधावं लागलं नाही. पाटीवर नाव, आणि वय सत्तावीस. पोरगाच होता. आसपास कुणी नाही असं बघून मी झाडाच्या बुंध्याशी बोटं घातली आणि माती स्टीलच्या डबीत भरली. अशी परदेशची माती युरोपात आणू देत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

त्या रात्री आमचा मुक्काम नदीवर तरंगणाऱ्या खोल्यांत होता. जेवताना बाबांनी डबीत काय आहे ते विचारलं. मी सांगितलं.

"वडिलांची माती? आणि ती डबीत घालून घरी नेणार?"

"त्यांची इच्छा आहे, बाबा."

"त्यांना कुणी सांगितलं नसेल," बाबा म्हणाले आणि आमटीसारखं जे काही समोर होतं ते ओरपू लागले. मला वाटलं, विषय संपला.

बँकॉकच्या विमानतळावर तपासणीत त्या अधिकाऱ्यानं डबी उघडली. डबी रिकामी होती, घासूनपुसून लख्ख. मी बाबांकडे पाहिलं.

"सोडली," ते शांतपणे म्हणाले. "पहाटे, तुम्ही झोपेत होतात. तीळ नव्हते. नाश्त्याच्या टेबलावरचा भात घेतला आणि पिंड केला. जानवं अपसव्य केलं, दक्षिणेकडे तोंड केलं. गोत्र माहीत नव्हतं म्हणून काश्यप म्हटलं. ऐंशी वर्षं अडकून पडला होता बिचारा. सुटला."

मी त्या रांगेत उभी राहून बाबांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. ते गोंधळून बघत राहिले. आईच्या अस्थी आळंदीला त्यांनी स्वतः इंद्रायणीत सोडल्या होत्या, आणि त्याच हातांनी त्यांनी एका परक्या माणसासाठी आपल्याला ठाऊक असलेलं सगळ्यात मोठं काम केलं होतं. मला ते कळत होतं, तरी राग जाईना. विमानात नवरा हळूच म्हणाला, "आपल्या बॅकयार्डातली भरून देऊ. त्याला काय कळणार?" मी त्याच्याशी थेट घर येईपर्यंत बोलले नाही.

मंगळवारी संध्याकाळीच गेलो. बाबा इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर निघाले. बातमी आपणच द्यायला हवी, असं त्यांना वाटत होतं. बूरमानचा पलंग बाहेरच्या खोलीत आणला होता, नाकात नळी होती. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

मी काही लपवलं नाही. आमच्यात अस्थी वाहत्या पाण्यात सोडतात, त्यानं माणूस सुटतो असं मानतात, माझ्या वडिलांनी ते तुमच्या वडिलांसाठी मनापासून केलं, असं सगळं सांगितलं.

"कुठल्या नदीत?"

"क्वाय. तिथलीच."

त्यांनी श्वास गोळा केला. "कॉलरा त्या नदीच्या पाण्यातूनच आला होता. ते पाणी पिऊनच माझे वडील मेले. मला त्यांना तिथून बाहेर काढायचं होतं."

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"आभार मानतायत."

बाबांचा चेहरा उजळला. ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि त्यांनी बूरमानचा हात हातात घेतला. "त्यांना म्हणावं, काळजी करू नका. तुमचं करणारं कुणी नसेल तर तुमचंही मी करीन. इथल्या कालव्यात."

बूरमान माझ्याकडे बघत होते. आणखी एक खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. बाबांचं बोलणं मी जसंच्या तसं सांगितलं.

"नेय," ते म्हणाले, म्हणजे नाही, आणि त्यांनी हात सोडवून घेतला.

बाबांना डच येत नाही. त्यांनी आपला रिकामा हात मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मघाशीही हेच म्हणाले होते का?"

मी हो म्हटलं.