मोठ्याने वाचणारे गृहस्थ

सरकारी जंगलातलं लाकूड तोडलं म्हणून मी ठाण्याच्या तुरुंगात होतो. दिवसा आम्हा कैद्यांना बाहेर रस्त्यावर खडी फोडायला नेत. तिथे दर सोमवारी एक म्हातारे गृहस्थ यायचे. दगडावर उपरणं अंथरून बसायचे, दोऱ्याने बांधलेला चष्मा कानांना अडकवायचे आणि वर्तमानपत्रातल्या ठाण्या-कल्याणच्या बातम्या खणखणीत आवाजात वाचायचे. आमच्याकडे मात्र कधी बघायचे नाहीत.

"मास्तर, मनात वाचा की!" शिपाई खेकसायचा.

"मनात वाचलं तर मला समजत नाही रे," ते म्हणायचे. आम्ही हातोडे हळू मारायचो.

मग कल्याणात प्लेग आला. एका सोमवारी "कुंभारआळीत" एवढंच वाचून ते थांबले. मी ओरडलो, "पुढे वाचा! माझी बायकापोरं तिथंच आहेत!"

शिपायाने माझ्या पाठीत काठी घातली. म्हातारे उठून उभे राहिले. पहिल्यांदाच माझ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करून त्यांनी वाचलं, "कुंभारआळीत आता जिवंत कोणी उरलेलं नाही." आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.

मी खडीच्या ढिगावर बसून रडलो. माझ्या वाटणीची खडी त्या दिवशी बाकीच्यांनी फोडली.

त्या गृहस्थांचं नाव मला कधीच कळलं नाही. तुरुंगात घरची खबर पोचत नसे; आमच्यातल्या टिटवाळ्याच्या एका कैद्याला बाप गेल्याचं सुटून घरी पोचल्यावर समजलं. मी माझ्या माणसांसाठी निदान वेळेवर रडलो.